फिनॉल रेड नसलेलं मीडियम आणि चारकोल-स्ट्रिप्ड सीरम: स्टेम सेल्सपासून हाड बनवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, स्टेम सेल्सपासून हाड तयार होताना एस्ट्रोजेन रिसेप्टर (एस्ट्रोजेन हॉर्मोनला धरणारं पेशीतलं प्रोटीन) काय करतो हे बघायचं असेल तर ही दोन प्रॉडक्ट्स घ्याच, बजेट कमी पडत असेल तर एखादी अँटिबॉडी पुढच्या वर्षी मागवा पण इथे काटकसर करू नका. एक म्हणजे बिनरंगाचं अल्फा-एमईएम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रावण (मीडियम), ज्यात त्याला गुलाबी करणारा फिनॉल रेड हा रंग घातलेलाच नसतो, आणि दुसरं चारकोल-डेक्स्ट्रान वापरून हॉर्मोन काढून टाकलेलं फीटल बोवाईन सीरम (गाईच्या गर्भाच्या रक्तातलं), ज्याला सगळे नुसतं स्ट्रिप्ड सीरम म्हणतात. दोन्ही एकत्रच वापरायची असतात म्हणून रिव्ह्यूपण एकत्र लिहितेय. मी पुण्यात हाडांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या वापरून झाल्यात, त्यामुळे हा एका ब्रँडचा रिव्ह्यू नाहीये, या प्रकारच्या मालाचा आहे. नावं मुद्दाम घेत नाही कारण खरा फरक कंपनी-कंपनीत कमी आणि लॉट-लॉटमध्ये जास्त दिसतो, त्यावर खाली लिहिलंय.

एमएस्सीची मुलं-मुली प्रोजेक्टला येतात तेव्हा हमखास विचारतात की ताई, फ्रीजमध्ये गुलाबी मीडियमच्या एवढ्या बाटल्या पडल्यात, त्यातच केलं तर काय बिघडतं. प्रश्न रास्त आहे कारण बिनरंगाची बाटली वेगळी मागवावी लागते, यायला वेळ लागतो आणि स्ट्रिप्ड सीरम साध्या सीरमपेक्षा बरंच महाग पडतं. पण काय बिघडतं ते कळायला हाडाची गोष्ट थोडी तरी माहीत पाहिजे, म्हणून आधी ती.

हाडाच्या आतल्या मज्जेतली मेझेन्कायमल स्टेम सेल, आपण एमएससी म्हणतो ती, हाडाची पेशी होऊ शकते, कूर्चेची होऊ शकते आणि चरबीचीही होऊ शकते. रनएक्स-टू आणि ऑस्टेरिक्स ही जीन्स चढली, म्हणजे जास्त काम करू लागली, की ती ऑस्टिओब्लास्टच्या म्हणजे हाड घालणाऱ्या पेशीच्या वाटेला लागते, पीपीएआर-गॅमा चढलं की चरबीच्या वाटेला. एस्ट्रोजेन या फाट्यावर काम करतं. उंदराच्या मज्जेतल्या स्ट्रोमल पेशींमध्ये रिसेप्टर घालून केलेलं २००२ चं काम आहे, त्यात एस्ट्रोजेन दिल्यावर हाडाकडे जाणारी सुरुवातीची वाटचाल वाढली आणि चरबीकडे जाणारी दबली. पाळी बंद झाल्यावर बायकांचं हाड झपाट्यानं कमी होतं त्यात मोठा वाटा हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींचा लगाम सुटण्याचा आहे हे खरंच, पण त्याच काळात मज्जेत चरबी वाढते आणि नवीन हाड घालणारे हात त्या खाण्याला पुरे पडत नाहीत, ही बाजू स्टेम सेल्सची आहे आणि आपल्याकडे त्यावर बोललं फार कमी जातं. घरात आई, मावशी, आत्या कुणाचं तरी मनगट किंवा मणका असा गेलेला असतोच, म्हणून मला हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं आणि ते नीट केलं जावं असंही वाटतं.

रिसेप्टर दोन आहेत, अल्फा आणि बीटा. अल्फाचं जीन १९८६ च्या सुमारास हाती आलं, बीटा सापडायला १९९६ उजाडलं, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत यान-ओके गुस्ताफसन यांच्या लॅबमध्ये, तेही उंदराच्या प्रोस्टेटमधून. हाड घालणाऱ्या पेशींमध्ये एस्ट्रोजेन रिसेप्टर असतो हे १९८८ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये एकाच वेळी आलेल्या दोन पेपर्सनी दाखवलं, तोपर्यंत बरेच जण धरून चालायचे की एस्ट्रोजेन हाडावर थेट काही करत नसावं, मधल्या दुसऱ्या हॉर्मोनमधून करत असावं.

आणि माणसात हा रिसेप्टर किती मोठा आहे ते १९९४ च्या एका केसवरून कळतं. अमेरिकेत २८ वर्षांचा एक पुरुष, उंची २०४ सेंटीमीटर आणि अजून वाढतच होती, कारण हाडांच्या टोकाच्या ग्रोथ प्लेट्स मिटलेल्याच नव्हत्या, हाडाचं वय १५ वर्षांच्या मुलाएवढं आणि हाड विरळ झालेलं. रक्तात एस्ट्रोजेन भरपूर होतं, पण अल्फा रिसेप्टरच्या जीनच्या दोन्ही प्रतींमध्ये असा बिघाड होता की प्रोटीन अर्ध्यातच थांबायचं. बाहेरून एस्ट्रोजेन देऊनही उपयोग झाला नाही. त्याच्या पुढेमागे दुसऱ्या एका पुरुषाची केस आली, त्याचा रिसेप्टर ठीक होता पण टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्रोजेन बनवणारं अ‍ॅरोमॅटेज एन्झाइम नव्हतं, तोही असाच उंच आणि हाडं अशीच विरळ, पण त्याला एस्ट्रोजेन दिल्यावर ग्रोथ प्लेट्स मिटल्या आणि हाडाची घनता वाढली. या दोन केसेस शेजारी ठेवल्या की रिसेप्टर आणि हॉर्मोन दोन्ही किती आवश्यक आहेत ते दिसतं, आणि हे फक्त बायकांचं प्रकरण नाही तेही दिसतं. मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी या दोन केसेस वाचायला देते.

आता मुद्द्याचा भाग. २०१३ मध्ये उंदरांवर एक फार सुंदर काम झालं, त्यात अल्फा रिसेप्टर वेगवेगळ्या टप्प्यावर काढून बघितला. हाडाकडे निघालेल्या पूर्वज पेशींमधून काढला तर हाडाचं बाहेरचं कठीण कवच पातळ राहिलं, पण पूर्ण तयार झालेल्या ऑस्टिओब्लास्टमधून काढला तर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे रिसेप्टरची ही कामगिरी पेशी अजून घडत असतानाची आहे, पेशीला हाडाच्या वाटेवर नेणाऱ्या डब्ल्यूएनटी-बीटा-कॅटेनिन या सिग्नलला बळ देण्याची. त्यामुळे जो टप्पा आपण प्लेटमध्ये एमएससीवर बघतो, म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे, तोच टप्पा इथे महत्त्वाचा आहे आणि त्या टप्प्यात प्लेटमध्ये नेमकं किती एस्ट्रोजेन आहे हे आपल्या हातात असलं पाहिजे. गुलाबी मीडियममध्ये ते हातात नसतं.

फिनॉल रेड हा मीडियममध्ये फक्त पीएच कळावा म्हणून घातलेला रंग, बरीच वर्षं कुणी त्याच्याकडे संशयानं बघितलंही नव्हतं. १९८६ मध्ये इलिनॉयमध्ये बेर्थोआ आणि कॅट्झेनेलेनबोगेन पती-पत्नी यांनी दाखवलं की हा रंग एस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटतो आणि एमसीएफ-७ या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींची वाढ वाढवतो, आणि रिसेप्टर नसलेल्या पेशींवर काहीच करत नाही. चिकटण्याची ताकद एस्ट्रॅडिओलच्या (शरीरातल्या मुख्य एस्ट्रोजेनच्या) ०.००१ टक्के, म्हणजे एक लाखांश. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हिशोब करून बघा. साध्या डीएमईएममध्ये लिटरला १५ मिलिग्रॅम फिनॉल रेड असतं, म्हणजे साधारण ४० मायक्रोमोलर, त्याचा एक लाखांश म्हणजे ०.४ नॅनोमोलर एस्ट्रॅडिओलच्या तोडीचा परिणाम. मिलिलीटरमागे शंभरेक पिकोग्रॅम झाले ते, पाळी चालू असलेल्या बाईच्या रक्तात महिन्याच्या मधल्या काळात असतं तेवढं. आणि आपण मात्र त्या वेलवर (प्लेटमधल्या खळग्यावर) 'एस्ट्रोजेन नाही' असं मार्करनं लिहितो.

त्याच लॅबनं १९८८ मध्ये पुढचं दाखवलं की मुळात रंगाच्या रेणूपेक्षा त्यात बनवताना राहिलेली एक तेलकट स्वभावाची भेसळ हे काम करते, आणि ती भेसळ फार थोडी असली तरी रिसेप्टरला जोरात धरते. याचा अर्थ गुलाबी बाटल्यांमध्येसुद्धा एस्ट्रोजेनसारखं काम करणारा माल किती आहे ते त्या रंगाच्या शुद्धतेवर अवलंबून, एका लॉटमध्ये जास्त दुसऱ्यात कमी. आधीच मीठ पडलेल्या आमटीत अजून चिमूटभर मीठ टाकून चव किती बदलली ते सांगा म्हटलं तर कोण काय सांगणार, तसं होतं हे. एमएससी आणि एस्ट्रॅडिओलवरचे पेपर्स काढून बघा, कुणाकडे हाड वाढलंय, कुणाकडे काहीच फरक नाही, कुणाकडे फक्त सुरुवातीला अल्कलाईन फॉस्फटेज (हाडाकडे वाटचाल सुरू झाल्याची खूण असलेलं एन्झाइम) वाढलंय आणि पुढे काही नाही. डोनरचं वय, स्त्री की पुरुष, कितवा पॅसेज (पेशी कितव्यांदा नव्या प्लेटमध्ये हलवल्या), अल्फा-बीटाचं प्रमाण, ही कारणं आहेतच, पण मी मटेरियल्स-मेथड्समध्ये पहिल्यांदा मीडियमचा रंग आणि सीरमचा प्रकार शोधते, आणि तो लिहिलेला नसेल तर त्या पेपरवर माझा भरवसा अर्ध्यावर येतो.

आता प्रत्यक्ष वापराचं.

मीडियमची बाटली उघडली की पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, अगदी हलकी पिवळसर झाक असते तेवढीच. मागवताना बाटलीवर बारकाईनं बघा, काही बिनरंगी मीडियममध्ये ग्लुटामिन आणि सोडियम पायरुवेट घातलेलं नसतं, कॅटलॉगमध्ये ते बारीक अक्षरात असतं, आणि आपण गुलाबीच्या सवयीनं सगळं आहेच असं धरून चालतो. ग्लुटामिन वेगळं घालावं लागलं तरी हरकत नाही पण आधी माहीत हवं. दुसरं, मीडियम बिनरंगी घेऊन पेशी प्लेटपासून सोडवायचं ट्रिप्सिन मात्र गुलाबीच वापरतात लोक! ट्रिप्सिन-ईडीटीएमध्येपण बहुतेक वेळा फिनॉल रेड असतं, धुवायच्या बफरमध्ये असतं. ते थोडं असतं, नंतर धुतलं जातं हे मान्य, पण बिनरंगी ट्रिप्सिन मिळतं आणि किमतीत फारसा फरक नसतो, तर घ्या ना तेच.

तोटा एकच आणि तो मोठा आहे, पीएच डोळ्यांनी कळत नाही. गुलाबी मीडियम आम्ल झालं की पिवळं पडतं, अल्कली झालं की जांभळट होतं, सीओटू सिलेंडर संपला की सकाळी दार उघडल्या उघडल्या कळतं. बिनरंगीत काहीच कळत नाही, प्लेट्स दिसायला छान आणि आत पेशी हाल सोसत असतात. कंटॅमिनेशनचंपण तसंच, पिवळं पडण्याची खूण मिळत नाही, गढूळपणा येईपर्यंत वाट बघावी लागते किंवा रोज फेज मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. आमच्याकडे यावर साधा उपाय आहे, त्याच इन्क्युबेटरमध्ये व्हेंट असलेल्या झाकणाचा एक छोटा फ्लास्क गुलाबी मीडियम भरून, पेशी न घालता, कायम ठेवलेला असतो. सीओटू गडबडला की तो आधी सांगतो. पावसाळ्यात लाईट ये-जा करते तेव्हा याचा फार उपयोग होतो, ज्यांच्याकडे अलार्मवाला इन्क्युबेटर नाहीये त्यांनी तर हे कराच.

एक फायदा जो मागवताना डोक्यात नव्हता पण आता त्याशिवाय करमत नाही, तो म्हणजे रीडिंग्ज स्वच्छ येतात. फिनॉल रेड ५६० नॅनोमीटरच्या आसपास चांगलंच शोषून घेतं, त्यामुळे मीडियम वेलमध्ये असताना त्या पट्ट्यात घेतलेल्या कुठल्याही रंगाच्या रीडिंगमध्ये ते घुसतं, आणि फ्लुरोसन्समध्येपण बॅकग्राउंड वाढवतं. जिवंत पेशींवर कॅल्सीन हा चमकणारा रंग लावून खनिज साठताना बघायचं असेल तर बिनरंगी मीडियममध्ये चित्र खूपच साफ दिसतं.

सीरमबद्दल मात्र हात राखून लिहावं लागेल. चारकोल म्हणजे डेक्स्ट्रानचा लेप दिलेला सक्रिय कोळसा, तो सीरममध्ये ढवळला की तेलकट स्वभावाचे छोटे रेणू त्याला चिकटतात आणि गाळताना निघून जातात. एस्ट्रॅडिओल जातं, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसोल जातं, हे सगळं आपल्याला हवंच आहे, पण त्याबरोबर थायरॉईड हॉर्मोन्स जातात, काही जीवनसत्त्वं जातात, थोडे ग्रोथ फॅक्टर्सही जातात, कोळसा काही आपल्याला विचारून निवड करत नाही. परिणाम असा की एमएससी यात हळू वाढतात, पसरट आणि थोड्या थकलेल्या दिसतात, आणि सुरुवातीपासून यातच वाढवायला गेलात तर पेशी पुरणारच नाहीत. म्हणून वाढवायचं काम साध्या चांगल्या सीरममध्ये करा, प्लेटमध्ये पेशी भरल्या की धुऊन दोन-तीन दिवस बिनरंगी मीडियम अधिक स्ट्रिप्ड सीरममध्ये ठेवा, आणि मग हाडाचा कॉकटेल (पेशींना हाडाकडे नेणारं मिश्रण) आणि एस्ट्रॅडिओल सुरू करा. कॉकटेल नेहमीचाच, डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, अ‍ॅस्कॉर्बेट-२-फॉस्फेट मिलिलीटरला ५० मायक्रोग्रॅम, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलीमोलर. डेक्सामेथासोनपण स्टेरॉईडच की, मग सीरममधून स्टेरॉईड काढून परत स्टेरॉईड घालायचं कशाला असं कुणी विचारतं, तर ते ग्लुकोकॉर्टिकॉईड रिसेप्टरवर जातं, एस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर नाही, आणि सगळ्या वेल्समध्ये सारखंच असतं.

लॉटचा फरक साध्या सीरममध्ये असतो त्याहून इथे जास्त जाणवतो, कारण एक तर मूळ सीरमचा लॉट वेगळा, वर कोळशाची प्रक्रिया किती कडक केली तेही वेगळं. बाटलीबरोबर अ‍ॅनालिसिसचं सर्टिफिकेट येतं, ते फाईलला लावण्याआधी वाचा, चांगल्या कंपन्या प्रक्रियेआधीचं आणि नंतरचं एस्ट्रॅडिओल त्यात देतात. नुसतं 'स्ट्रिप्ड' लिहिलंय आणि आकडा नाही अशी बाटली मी घेणार नाही. आणि 'हॉर्मोन काढलेलं' म्हणजे शून्य नव्हे, खूप कमी एवढाच अर्थ घ्यायचा. एका सप्लायरकडून आमचं पार्सल आलं त्यात ड्राय आईस पूर्ण उडून गेलेला, सीरम वितळून कोमट झालेलं, आणि माणूस सही मागतोय. सही करण्याआधी बॉक्स उघडून दाखवा म्हणायला शिका, एवढं महाग सीरम आहे, वितळून परत गोठलेलं असेल तर पुढचे तीन आठवडे पाण्यात जातात. लॅबमध्ये आल्यावरपण लगेच छोट्या अलिक्वॉट्समध्ये (एका वेळेपुरत्या नळ्यांत) वाटून उणे २० ला टाका.

निकालात काय दिसलं ते सांगते. हिप रिप्लेसमेंटमध्ये निघालेल्या हाडातली मज्जा आम्ही एथिक्स कमिटीच्या परवानगीनं आणि पेशंटच्या संमतीनं घेतो, त्यातल्या एमएससी वापरल्या. गुलाबी मीडियम आणि साध्या सीरममध्ये तीन आठवड्यांनी साठलेल्या खनिजाला लाल करणारं अ‍ॅलिझरीन रेड लावलं की कंट्रोलची वेलही छान लालभडक होते, एस्ट्रॅडिओलची त्याहून थोडी गडद वाटते न वाटते, फोटोत तर फरकच कळत नाही. बिनरंगी आणि स्ट्रिप्डमध्ये सगळ्याच वेल्स फिक्या, खनिजाच्या गाठी कमी, पण १० नॅनोमोलर एस्ट्रॅडिओलची वेल कंट्रोलपासून डोळ्यांनी वेगळी ओळखू येते, गाठी मोठ्या आणि दाट, मायक्रोस्कोपखाली त्यांच्या कडांना गडद तपकिरी झाक. रंग सीटिलपायरिडिनियम क्लोराईडनं सोडवून ५६२ नॅनोमीटरला वाचला की आकडाही तेच म्हणतो. एकूण लाली कमी झाली म्हणून नवीन मुलं घाबरतात, सीरम खराब आहे म्हणतात. लाली किती यापेक्षा दोन वेल्समधलं अंतर किती ते बघायचं असतं, आणि ते अंतर इथे मिळतं. सगळ्या डोनर्समध्ये सारखं मिळत नाही हेही लिहून ठेवते, काहींच्या पेशी एस्ट्रॅडिओलला फारशी दाद देतच नाहीत, आणि अशा वेळी आधी रिसेप्टर आहे का ते वेस्टर्न (प्रोटीन बघायची चाचणी) किंवा क्यूपीसीआरनं (जीन चालू आहे का बघायची चाचणी) तपासा.

आपलं मीडियम गप्प आहे की बोलतंय हे तपासायची एक परीक्षा आहे, ती प्रत्येकानं एकदा तरी करावी. फुलव्हेस्ट्रंट घ्या, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये देतात ते, संशोधनाच्या कॅटलॉगमध्ये आयसीआय १८२,७८० नावानं मिळतं, ते एस्ट्रोजेन रिसेप्टर अडवतं आणि अल्फाला तर पेशीतून नाहीसाच करतं. गुलाबी मीडियममध्ये एस्ट्रॅडिओल न घालता नुसतं फुलव्हेस्ट्रंट घाला. एस्ट्रोजेन नाहीच असं आपण म्हणतोय त्या वेलमध्ये फुलव्हेस्ट्रंटनं हाड कमी झालं, तर रिसेप्टर तिथे काम करत होता हे उघड आहे. मग हेच बिनरंगी-स्ट्रिप्डमध्ये करा. गुलाबीत जेवढी घट होती त्यातली जेवढी इथे गायब झाली तेवढा भाग मीडियम आणि सीरमचा. आणि तरीही थोडी घट उरली तर ती फार रंजक गोष्ट आहे, कारण एस्ट्रोजेन नसतानासुद्धा अल्फा रिसेप्टर पूर्ण झोपलेला नसतो, ग्रोथ फॅक्टर्सच्या सिग्नलमधून एमएपी कायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट लावून जागं करू शकतं हे १९९५ पासून माहीत आहे, आणि वर सांगितलेल्या २०१३ च्या उंदरांमध्येही पूर्वज पेशींमधल्या अल्फाचं हाडाचं कवच जाड करण्याचं काम एस्ट्रोजेनवाचून चालू होतं. हॉर्मोनशिवाय रिसेप्टर काय करतो हा प्रश्न गुलाबी मीडियममध्ये विचारताच येत नाही, आणि मला वाटतं या प्रॉडक्टची खरी किंमत इथे वसूल होते. पाळी गेलेल्या बाईच्या हाडात हॉर्मोन कमी झालेलं असतं, रिसेप्टर तसाच असतो, मग व्यायामानं, चालण्यानं, वजन उचलण्यानं त्या रिसेप्टरकडून काही काम करून घेता येईल का, यावर अजून खूप काम व्हायला हवंय.

अल्फा की बीटा हे वेगळं करायचं असेल तर एकेकच रिसेप्टर चालू करणारी रसायनं आहेत, पीपीटी अल्फासाठी आणि डीपीएन बीटासाठी मिळतं, पण डोस वाढवला की दोन्ही आपली शिस्त सोडतात, तेव्हा कमी डोसपासून सुरू करा.

मीडियम आणि सीरम नीट घेतलं तरी बाकी गळत्या राहतात. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅबला कळलं की ऑटोक्लेव्ह केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमधून बिस्फिनॉल-ए पाण्यात उतरतंय आणि एस्ट्रोजेनसारखं वागतंय, त्यांना तो यीस्टनंच बनवलेला एस्ट्रोजेन वाटला होता आधी. तेव्हा मीडियम बनवायला आणि साठवायला काच वापरा, पॉलिकार्बोनेट ऑटोक्लेव्ह करून वापरू नका. एस्ट्रॅडिओल स्वतः प्लास्टिकला चिकटतं म्हणून पातळ केलेले डोस आधीपासून करून ठेवू नका, त्या दिवशी ताजे करा, मीडियम बदलताना दर दोन-तीन दिवसांनी परत घाला. इथेनॉलमध्ये विरघळवता ना, तर तेवढंच इथेनॉल कंट्रोलमध्येही, ०.१ टक्क्याच्या वर नको.

कुणी घेऊ नये? ज्यांचं काम हॉर्मोनशी संबंधित नाही, स्कॅफोल्डवर (पेशींना आधार देणाऱ्या सांगाड्यावर) पेशी चिकटतात का, कोटिंग विषारी आहे का एवढंच बघायचंय, त्यांनी गुलाबी आणि साधं सीरमच वापरावं, स्वस्त पडतं आणि पीएच दिसतो. मात्र ज्यांच्या स्कॅफोल्डमध्ये सोयाबीनचा अर्क, जेनिस्टीन किंवा हाडजोडीसारखी वनस्पती आहे आणि 'हाड वाढतं' असा दावा करायचाय, त्यांनी जरूर घ्यावं, कारण वनस्पतींमधले असे बरेच रेणू एस्ट्रोजेन रिसेप्टरवर, विशेषतः बीटावर बसतात, आणि तुमचा परिणाम तिथून येतोय का ते गुलाबी मीडियममध्ये कळणार नाही. आपल्याकडे हाडजोडीवर काम करणारे बरेच आहेत म्हणून हे खास लिहिलं.

माझं रेटिंग, बिनरंगी मीडियमला ५ पैकी ४.५, अर्धा मार्क पीएच दिसत नाही म्हणून कापला. स्ट्रिप्ड सीरमला ५ पैकी ३.५, काम चोख करतं पण किंमत, लॉटचा भरवसा आणि पेशींची मंदावलेली वाढ हे तिन्ही त्रास खरे आहेत. भारतीय कंपनीचं बिनरंगी मीडियम बाहेरच्याच्या तोडीचं वाटलं मला आणि लवकर येतं, सीरमच्या बाबतीत सर्टिफिकेट बघून ठरवा.

घेताना पहिल्यांदा दोन-तीन लॉटचे छोटे सॅम्पल मागा, बहुतेक डीलर देतात, आपल्याच पेशींवर अल्कलाईन फॉस्फटेजपर्यंत तरी चालवून बघा. जो लॉट जमेल त्याचा नंबर वहीत आणि पुढे पेपरमध्येही लिहा, आणि लगेच डीलरला मेल करून अख्ख्या प्रोजेक्टला पुरतील एवढ्या बाटल्या त्याच लॉटच्या राखून ठेवायला सांगा, कारण कोटेशन, कमिटी, पीओ (खरेदीची ऑर्डर) हे सगळं व्हायला आपल्याकडे जो वेळ लागतो तेवढ्यात तो लॉट संपलेला असतो.